सबिनानं पेटवलेली गंजी

सबिना गिब्लिनचा नवरा थेडी मेंढी चोरताना सापडला आणि सरकारनं त्याला सात वर्षांसाठी सिडनीला काळ्या पाण्यावर धाडला. क्लेअर परगण्यात याचं कुणाला नवल नव्हतं. नवऱ्यामागं जायची वाटही बायकांना पाठ होती. जहाजाचं भाडं कुणाला परवडतंय? गुन्हा करायचा, सरकार फुकटात नेऊन पोचवतं. गंजी पेटवायची आणि पळायचं नाही. पळालं की काम बिघडलं.

दोन वर्षं कळ काढून सबिनानं चुलीतला निखारा खापरात घेतला आणि भर दुपारी हॅनरहान जमीनदाराच्या गवताच्या गंजीला लावला. मग बांधावर बसून राहिली. शिपाई धापा टाकत आला.

"कुणी लावली गं?"

"म्या."

"खुळी का काय तू? कुणी बघितलं तरी का तुला?"

"तुम्ही बघताय की आता. चला, उशीर नगं."

तिला एकच धास्ती होती, जज्जाला दया यायची. शेजारची बिडेलिया कोठडीत भेटायला आली ती तेच बजावायला.

"सबे, त्यो म्हातारा लई मऊ हाय. केटनंबी गंजी लावली, तर तिला सहा म्हैन्यावर सोडली. बसली हितंच तुरुंगात जुनं दोरखंड पिंजत. तू रडू नगंस बघ."

कोर्टात जज्जानं विचारलं, "पश्चात्ताप होतोय का?"

"व्हय साहेब. दुसरी गंजी ऱ्हायली लावायची."

दहा वर्षांचं काळं पाणी मिळालं. सबिनानं जज्जाला तोंडभर आशीर्वाद दिला.

चार महिने ओकत-ओकत ती होबार्टला उतरली. बायकांच्या तुरुंगात धुण्याच्या हौदावर तिनं शेजारच्या जुन्या बाईला विचारलं, "आक्का, सिडनी कुणीकडं?"

"सिडनी? त्यो मुलूख येगळा. मधी समुद्र हाय. गेल्या सालापासनं बायकांची जहाजं तिकडं जातच न्हाईत."

"मग जज्जानं का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस व्हय?"

विचारलं नव्हतं. क्लेअरमध्ये समुद्रापलीकडं एकच गाव असल्यागत सगळी बोलत.

सबिनानं धुणं धुतलं, मग एका मळ्यावर गाई पिळल्या. कैदी बायकांतनं बायको निवडायला येणाऱ्या गड्यांपैकी दोघांना नाही म्हणाली. दहा वर्षं भरली तशी बोटीनं सिडनीला गेली आणि विचारत-विचारत थेडीच्या दारात उभी राहिली. अंगणात थेडी लाकडं फोडत होता, भोवती तीन पोरं खेळत होती.

आतून बाई आली. "कोण हो ही?"

थेडीनं कुऱ्हाड खाली ठेवली. "गावाकडची."

"व्हय," सबिना म्हणाली, "गावाकडची."

"मग उभ्या का? या की, जेवा."

सबिना बसली. बटाटे आणि मटण दोनदा मागून घेतलं. थेडीनं मान वर केली नाही.

"हाताला चव हाय हो तुमच्या," ती त्या बाईला म्हणाली. दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं ती होबार्टला परतली. तिथं मळेवाल्याच्या अकरा गाई तिच्याशिवाय कुणाला दूध देत नव्हत्या.