सगुणाबाईची काशाची वाटी

सगुणाबाई काशाची वाटी कुणाच्या तळपायाला टेकवण्याआधी स्वतःच्या गालाला लावून पाही. गार वाटली तर पदरात धरून तिला ऊब देई. मंगरूळपीरच्या वेशीबाहेर तिच्या नवऱ्याचा भाजीचा मळा होता. सकाळी ती वांगी, मेथी विकी आणि दुपारी बोलावणं येईल त्या घरी तळपाय घासायला जाई.

आमच्याकडे ती पहिल्यांदा आली ती मानमोडीच्या तापाच्या साथीनंतर. मी घरात नवी सून होते. माझा धाकटा दीर त्या साथीत चार दिवसांत गेला होता. सासूबाई रडल्या नाहीत. डोळ्यांची आग होते, एवढंच म्हणत. झोप उडालेली, ताट पुढ्यात तसंच राही. शेवटी मामंजींनी सगुणाबाईला बोलावणं पाठवलं.

तिने सासूबाईंना भिंतीला टेकून बसवलं, कोमट पाण्याने पाय धुतले, पुसले आणि मांडीवर घेतले. तळव्यांना तूप लावता लावता पुढे काय काय होईल ते सांगून ठेवलं. "आज गुदगुल्या होतीन, उद्या पाय जड वाटतीन. तूप काळं पडन, ते पाहून भेऊ नोका. अन् रडू आलं त रडून घ्या, मले लाजू नोका."

तूप खरंच काजळासारखं काळं झालं. अंगातली गरमी निघाली, असं ती म्हणे. पुढे एका वैद्यांनी सांगितलं की तो काळेपणा काशाचाच. ते मी तिला सांगितलं. ती हसून म्हणाली, "असन बाई. झोप त येते नं?"

पण पहिले दोन दिवस झोपही आली नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, लेकरं किती तुला? वाटी न थांबवता सगुणाबाई म्हणाली, "एक पोरगी होती. याच साथीत गेली." सासूबाईंनी पाय ओढून घेतला. तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग पोटातून हुंदका फुटला. सगुणाबाईने पाय पुन्हा मांडीवर घेतला आणि घासत राहिली. त्या दुपारी सासूबाई तिथेच, भिंतीशी, दिवेलागणीपर्यंत झोपल्या.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं ती येत राहिली. मग एका हिवाळ्यात आलीच नाही. तिच्या पायांवर सूज चढली आहे, ती उठत नाही, असं कळलं. सासूबाई तुपाची वाटी घेऊन मळ्यात निघाल्या. मीही गेले. खोपीत त्या सारवलेल्या जमिनीवर बसल्या आणि तिचे पाय मांडीवर घ्यायला लागल्या. चिखलात उभं राहून टाचांना खोल भेगा पडलेल्या. सगुणाबाईने पाय आखडून घेतले.

"नोका बाई. तुमी मोठ्या घरच्या. माह्या पायाले आजवर कोनी हात नाई लावला."

"म्हणूनच आली मी," सासूबाई म्हणाल्या. "पाय दे इकडं."

सुजेवर जोर देता येईना. त्या नुसत्या तळहाताने, हलक्या हाताने तूप चोळत राहिल्या. थोड्या वेळाने सगुणाबाईने डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं. ते तिने पुसलं नाही.

चौथ्या दिवशी ती गेली. आम्हांला तिचं सुतक नव्हतं, तरी सासूबाईंनी दहा दिवस धरलं. देवाला हात लावला नाही, गोडाचं खाल्लं नाही. शेजारणीने विचारलं, घरात कोण गेलं म्हणून?

"बहीण," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.