व्याही रंग

माझे वडील शिंपी. कुंभकोणमला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या फळीवर बसूनच मी वाचायला शिकले. पुस्तकं आमच्याकडे नव्हती, पत्रकं होती. देवळाच्या रथाला लावायच्या कापडी झालरी अप्पा शिवत आणि शेतमजुरांची लाल निशाणंही तेच शिवत. निशाणं न्यायला येणारी माणसं त्यांच्या चळवळीच्या पत्रकांचा एखादा गठ्ठा फळीवर ठेवून जात. आम्ही इकडे वसलेले मराठी; पत्रकं तमिळ, आणि अप्पांना तमिळ बोलता येतं, वाचता येत नाही. ते पायानं मशीन चालवत आणि मी मोठ्यानं वाचत असे. एखादं वाक्य आवडलं की त्यांचा पाय थांबे. मग मी तेच वाक्य पुन्हा वाची.

निशाणांचं काम आलं की दिवसच्या दिवस लाल कापड. अशा वेळी अप्पा मशीनशेजारच्या खिळ्याला एक हिरवी चिंधी टांगून ठेवत. थोडं शिवून झालं की मान वर करून तिच्याकडे बघत आणि मग परत कामाला लागत. "डोळा लालास कंटाळला की हिरवं मागतो," ते म्हणत. "नाही दिलं तर आपणच करून घेतो." एकदा त्यांनी मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, लाल कापडाकडे टक लावायला सांगितलं आणि मग एकदम पांढरं धोतर पुढे धरलं. त्या पांढऱ्यावर हिरवट डाग तरंगत होता. अक्का घाबरून ओरडली. मी धोतर उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

अशा रंगांना अप्पा व्याही रंग म्हणत. लालाचा व्याही हिरवा, निळ्याचा नारिंगी, पिवळ्याचा जांभळा. "समोरासमोर बसवा, दोघेही फुगून बसतात, दोघांचंही तेज वाढतं. एका भांड्यात घाला, चिखल होतो." हे ते गिऱ्हाइकांनाही सांगत आणि गिऱ्हाइकं हसत.

अक्काला पापनाशमला दिली. तिची दोन मुलं गेली, पहिलं सहाव्या दिवशी आणि दुसरं दात येता येता. तिसऱ्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा बोलायचीच नाही. आईनं काही विचारलं तर मान हलवायची. एके दुपारी मात्र तांदूळ निवडताना म्हणाली, "आई, ह्यावेळी मागून आणलेली गोधडी कर."

आमच्या लोकांत ही चाल आहे. ज्या बाईची मुलं राहत नाहीत तिच्यासाठी तिच्या आईनं घरोघर जायचं. ज्या घरातलं एकही मूल गेलेलं नाही अशाच घरी पदर पसरायचा आणि चिंधी मागायची. रंग सांगायचा नाही, मिळेल तो घ्यायचा. बारशाच्या दिवशी पाळण्यापुढे गोधडी ठेवून कुठला तुकडा कोणाचा ते मोठ्यानं सांगायचं, म्हणजे मूल त्या सगळ्या घरांचं होतं आणि मरण गोंधळतं.

मी आईला म्हटलं, "मरण गोंधळतं की डॉक्टर नाही म्हणून मूल जातं?"

"डॉक्टर आण ना. मी कुठं नको म्हटलं?" आई म्हणाली. "तवर मी चिंध्या आणते."

असं घर शोधायचं म्हणजे सोपं नाही. आई रोज उन्हं कलल्यावर निघायची आणि बहुतेक वेळा रिकामी परतायची. आमच्याच लोकांच्या घरांत, तमिळ शेजारणींच्या घरांत, जिथे जाई तिथे बायका हळूच मान हलवत. कोणाचं एक गेलेलं, कोणाची तीन. आपल्या गल्लीत इतकी मुलं गेली आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. तान्ह्या मुलांच्या मरणावर मी कुठलंही पत्रक वाचलं नव्हतं, आणि असायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

ज्यांनी दिलं त्यांनी शुभ म्हणून लालच दिलं. कुंकवासारखं, लाखेसारखं, जुन्या विटलेल्या पातळाचं फिकट लाल. आईनं अप्पांच्या मऊ झालेल्या पांढऱ्या धोतराचे थर घातले आणि त्यावर लाल चौकोन कडेपासून आत असे लावत आणले. मध्ये वीतभर जागा उरली. अप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, "पोराचे डोळे भाजतील. मध्ये हिरवा घाल. एकच घाल, बघ सगळे लाल कसे उठतात."

"दुकानातला चालणार नाही," आई म्हणाली. "मागितलेलाच हवा."

त्याच आठवड्यात निशाणं न्यायला एक बाई आली. ओढ्यापलीकडच्या शेतमजुरांच्या वस्तीतली. आमच्या गल्लीत तिच्या वस्तीतल्या माणसांना ओसरीवर चढू देत नाहीत. दुकानाच्या फळीशी मात्र ती उभी राहायची, कारण अप्पांनी कधी हटकलं नव्हतं. तिच्या अंगावर हिरवं पातळ होतं, भाताच्या रोपासारखं. आईनं सवयीनं विचारलं, "मुलं किती?"

"सहा."

"सगळी...?"

"सगळी. मेली तर काम कोण करील?" आणि ती मोठ्यानं हसली. मग आईच्या हातातली गोधडी पाहून तिचं हसू थांबलं. काय चाललं आहे ते तिला सांगावं लागलं नाही. "आमचं कापड? तुमच्या मुलाला? अम्मा, उद्या मलाच शिव्या खाव्या लागतील."

 मी आईकडे पाहत होते, आणि माझ्या तोंडाशी सगळी पत्रकं आली होती. पण बोलली ती आतल्या दारातून अक्का. "तिची सगळी जगलीत ना? मग मागून घे, आई."

आईनं पदर पसरला. बाईनं पातळाच्या पदराचा शेव दातानं धरला आणि टर्रकन फाडून दिला.

तो तुकडा मध्ये बसला आणि अप्पा म्हणाले तसंच झालं. विटलेलं लालही जागं झालं. अक्का गोधडी मांडीवर घेऊन बसली, आणि त्या सबंध काळात मी तिला तेव्हाच एकदा हसताना पाहिलं. म्हणाली, "व्याही बरे बसलेत गं."

मुलगी झाली. काळीसावळी, भरपूर केस. बारशाला पापनाशमची मंडळी सकाळच्या गाडीनं आली. पाळण्यापुढे गोधडी ठेवून आई एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगू लागली. हा सोनाराकडचा, हा कोपऱ्यावरच्या तेलवाल्यांचा. मधल्या तुकड्यावर आली तेव्हा क्षणभर थांबली. तिला काहीही सांगता आलं असतं. पण पाळण्यापुढे खोटं बोलत नाहीत. "हा ओढ्यापलीकडचा. निशाणं नेणाऱ्या बाईचा. तिची सहाही मुलं जगली आहेत."

 अक्काच्या सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "वस्तीतली?"

"होय."

"कात्री द्या."

मी मध्ये गेले. म्हटलं, "जिची सहाही जगली तिचं कापड ओवळं, मग सोवळं कोणाचं? तुम्ही देता का? तुमच्या घरचं चालेल?"

हे लागणारं होतं आणि लागावं म्हणूनच मी बोलले. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता अप्पांना म्हटलं, "बाप कापड कापतो, लेक माणसं कापते. हिचं लग्न जमवायचं आहे ना अजून?" मग म्हणाल्या, "दोन पुरली मी माझ्या हातांनी. तिसऱ्यास काही खोट राहूं नये इतकंच मज हवं. तुम्हांस काय वाटतं, मज दगडाचं काळीज आहे?"

अप्पांनी कात्री दिली. लेक त्याच घरी परत जायची होती. सासूबाईंनी गोधडी मांडीवर घेतली. फाडली नाही, एकेक टाका उसवला. लाल कापडाला त्यांनी कुठे इजा केली नाही. अक्का मुलीला पाजत भिंतीकडे तोंड करून बसली होती. हिरवा तुकडा सुटला तो त्यांनी ओसरीखाली टाकला. मी तो उचलून आणला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या पत्रकांच्या पेटीत ठेवला.

अक्का गोधडी घेऊन पापनाशमला गेली. मध्ये पांढरी वीतभर जागा.

पावसाळा सरता सरता मुलीला ताप आला. तिथल्या वैद्यानं काढा दिला. तंजावरच्या इस्पितळात न्यायचं ठरेपर्यंत दोन रात्री गेल्या, आणि न्यायची तिसरी सकाळ आलीच नाही.

अक्काला आम्ही माहेरी आणली; गोधडी तिच्या हातात होती. सासूबाईंनी निरोप दिला होता की त्या कापडाची सावली पडली, तुकडा काढला तरी दोष उरला. ह्याला माझ्याकडे उत्तर होतं. ताप कशानं येतो आणि इस्पितळ दूर का असतं, हे मी कोणालाही सांगू शकते, आजही सांगते, ह्यापुढेही सांगत राहीन. पण अक्का म्हणत होती की तो तुकडा काढला म्हणूनच मूल गेलं. रोज तेच. "एक सोडून सगळी घरं होती गं तिच्यापाशी. जिची सहाही जगली तीच नव्हती." मी तिला ताप समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतला, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली. सासूही चूक आणि अक्काही चूक. सासूच्या चुकीचा राग येत होता. अक्काच्या चुकीपुढे मला बसवत नव्हतं.

ती बाई निशाणं न्यायला आली तेव्हा तिनं मूल कसं आहे म्हणून विचारलं. आईनं सांगितलं. ती फळी धरून उभी राहिली आणि विचारती झाली, "माझ्या कापडानं का, अम्मा?"

"नाही," अप्पा मशीनवरून म्हणाले. एवढंच. पण पाय थांबवून म्हणाले.

निशाणं न घेताच ती गेली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा येऊन घेऊन गेला.

एके दुपारी आईनं पेटीतून हिरवा तुकडा काढला, सुईत दोरा ओवला आणि अक्काजवळ जाऊन बसली. "आण, लावते परत." अक्कानं गोधडी दिली नाही. ती दुकानात आली, फळीवर तिनं गोधडी पसरली आणि बसून राहिली.  अप्पा लाल कापड शिवत होते. मी वाचायचं थांबवलं होतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अप्पा, दिसतो."

"काय?"

"हिरवा. मध्ये."

अप्पांनी मशीन थांबवलं आणि तिच्या शेजारी येऊन बसले. मीही बसले. लालाकडे टक लावून पाहिलं, मग पांढऱ्या जागेकडे. फिकट, कडा नसलेला, पण होता. पापणी हलली की जायचा, आणि लालाकडे बघून परत आलं की पुन्हा यायचा. डोळा असं का करतो ते मला ठाऊक होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

आईनं सुईतला दोरा काढून ठेवला. अप्पांनी खिळ्यावरची हिरवी चिंधी उतरवली, घडी केली आणि खिशात घातली. मग ते मशीनवर जाऊन बसले, आणि त्या दिवशी त्यांनी एकदाही मान वर केली नाही.