शेळके सरांचे दोन रकाने

वर्गात आल्या आल्या शेळके सर फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायचे. डावीकडे लिहायचे ‘इकडे’, उजवीकडे ‘तिकडे’. तिकडे म्हणजे पाकिस्तान. तेव्हा तिथं लष्कराचं राज्य होतं, आणि तीर्थपुरीतल्या आम्हा बारावीच्या पोरापोरींना राज्यशास्त्र शिकवायचा याहून सोपा मार्ग सरांना माहीत नव्हता. मतदान, वर्तमानपत्र, सभा. एकेक हक्क लिहायचा, इकडे बरोबरची खूण, तिकडे फुली. “तिकडं सरकारला बोललं की आत! इकडं बोला बिनधास्त, तुम्हाला कोण धरून राह्यलंय?” असं म्हणून टेबलावर थाप मारत. खडूची भुकटी पुढच्या बाकापर्यंत उडायची.

माणूस नुसता बोलघेवडा नव्हता. रेशन दुकानदाराची लबाडी त्यांनी भर ग्रामसभेत बाहेर काढली आणि धमक्या आल्या तरी तक्रार मागं घेतली नाही. “भ्यायचं बिलकुल न्हाई,” म्हणायचे. मला ते फार आवडायचे. आज हेच लिहिताना जड जातंय.

त्यांची मुलगी सुनंदा माझ्याच बाकावर बसायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. सरांनी तिला न विचारताच जाफराबादकडचं स्थळ पक्कं करून टाकलं होतं. परीक्षेला महिना उरलेला असताना एक दिवस, सर रकाने भरत होते तेव्हा ती उभी राहिली.

“सर, तिकडं लग्नात पोरीला ‘कबूल हाय का’ विचारतेत म्हणं. तिनं हो म्हणल्याबिगर निकाह लागत न्हाई. इकडं कोण विचारतं?”

सर फळ्याकडे वळले.

“हे पुस्तकात न्हाई. बस खाली.”

दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद झालं. तिनं मला निरोप धाडला, ‘तुझं ऐकतील, तू बोल.’ मी त्यांच्या घरी गेले. सरांनी स्वतः चहा आणून दिला. म्हणाले, “तू हुशार हायस. मंग या भानगडीत कशाला पडून राह्यली? घरात एकाचंच चालत असतं.” मी कप विसळून ठेवला आणि मुकाट्यानं निघून आले.

लग्नात मी सुनंदाच्या मागेच उभी होते. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट निघाला, बँड वाजला. तिला कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांबरोबर मीही अक्षता टाकल्या.

पुढं बऱ्याच वर्षांनी सर वारले. मी तेव्हा जालन्यात शिकवत होते. आवडती विद्यार्थिनी म्हणून शोकसभेत मला बोलायला सांगितलं. सरांचं लोकशाहीवरचं प्रेम, त्यांचा निर्भयपणा, ती ग्रामसभा, सगळं मी सांगितलं. ते काही ढोंग नव्हतं. सुनंदा बायकांत भिंतीला टेकून बसली होती. सभा संपल्यावर मी जाऊन तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

“लई चांगलं बोललीस,” ती म्हणाली. “तवा बाबांसमोर यातलं एक वाक्य बोलली असतीस तर!”