गेल्या वर्षीचे मास्तर

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की लिफ्टवालीने दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना तासभर लिफ्टमध्ये कोंडलं आणि त्यांनी माफी मागितली तेव्हाच दार उघडलं. लिफ्टवालीचं टोपणनाव करवत. ते मी ठेवलं. ती बोलायला लागली की लाकूड कापल्यासारखं वाटतं, आणि लाकूड म्हणजे आपण.

खरं असं झालं की वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत दोघीच. आजींना घेरी आली. करवतीने खाली बसकण मारली, आजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि वीज येईपर्यंत त्यांना झापलं. "डोळे मिटायचे नाहीत. एरवी सुनेच्या नावाने एवढी बोंब मारता, आता का दातखीळ बसली? बोला, काय काय केलं तिने?" आजी सात वर्षांचं सगळं बोलल्या आणि शुद्धीवर राहिल्या. बाहेरच्यांना फक्त करवत ऐकू आली.

हे मला आजींनीच सांगितलं. तरी तक्रारअर्जात पहिलं कलम मी कोंडण्याचंच घातलं. हो, अर्ज मी लिहिला. कमिटीला बटणाची लिफ्ट हवी होती आणि करवतीला कायमचं घरी बसवायचं होतं. पण रविवारच्या बैठकीत तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती, कारण सोमवारी तिच्याच लिफ्टने चढायचं होतं. म्हणून सगळी भिस्त कागदावर.

माझं वैर चष्म्याचं. भरल्या लिफ्टमध्ये ती आईला म्हणाली, "ताई, तुमची पोरगी मजल्याचा आकडा डोळे बारीक करून वाचते. आंधळी व्हायची वाट बघताय का?" आठवड्यात माझ्या नाकावर काचा आल्या. वर्गात माझं घुबड झालं.

सह्या गोळा करायला मला एक सकाळ पुरली. दारात उभं राहून करवतीच्या आवाजात "पाय पुसून चढा, ही धर्मशाळा नाही" म्हटलं की लोक पोट धरून हसत आणि सही देत. फक्त चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांनी, ते एकटेच राहतात, कागद तसाच परत दिला.

शनिवारी करवतीने मला लिफ्टच्या दारातच अडवलं. "काय नकले, भरला का कागद?"

"मास्तर राहिलेत."

"त्यांचा आवाज काढतेस ना? मग सहीपण काढ."

"आवाज असा काढीन की तुम्हीसुद्धा फसाल."

"मी?" ती हसली, म्हणजे नाकातून हवा सोडली. "लिफ्ट बोलवायची घंटा चार वर्षं बंद आहे इथली. अख्खी इमारत मी हाकेवर ओळखते. लाव पैज. फसले तर उद्या मीच नोकरी सोडते. नाही फसले तर कागद माझ्यासमोर फाडायचा. आणि दुसरा लिहायचा नाही."

मी लावली.

दुपारी चौथ्या मजल्याच्या जाळीला तोंड लावलं आणि मास्तर काढले. तोच नाकातला सूर, तोच लांबवलेला 'हो': "लिफ्ट पाठवा हो, चौथा." इतके मास्तर खुद्द मास्तरांनाही जमले नसते.

लिफ्ट हलली नाही. खालून आवाज आला, "पायी उतर."

चार मजले उतरून मी भांडायलाच लागले. "तुम्ही चिटिंग केलीत. मास्तर घरी नाहीत हे तुम्हाला माहीत असणार."

"घरीच आहेत. आवाज बरोबर होता तुझा, पण तुझे मास्तर गेल्या वर्षीचे. हल्ली ते 'लिफ्ट' म्हणतात, थांबतात, दम खातात, मग 'चौथा'. 'हो'पुरता श्वास उरत नाही. मी पोचते तेव्हा भिंत धरून उभे असतात. परवा कामाच्या वेळेत त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं. तेही कलम घालायचं होतंस. सहीला गेलीस तेव्हा समोरच होतीस ना? काय ऐकलंस?"

"मी," असं म्हणून मास्तर बराच वेळ थांबले होते, मग "विचार करतो". मला वाटलं, विचारच करताहेत.

मी तिच्यासमोर अर्ज फाडला. चार तुकडे खाली पडले.

"उचल," करवत म्हणाली. "इथला झाडू मी मारते."

मी वाकले तेवढ्यात तिने जाळी ओढली आणि लिफ्ट वर नेली. चौथ्यावरून हाक आली होती. मला ऐकूच आली नव्हती.