भांडं घेऊन गाडी चालवू नका

लेक इथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात आहे. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन एडिसनला आमच्याकडे आली. इथे गांजा आता कायद्याने विकतात, त्याबद्दलच्या सूचनांचं पत्रक भारतीय दुकानांत ठेवायचं होतं आणि त्याचं मराठी कॉम्प्युटरने केलं होतं. तिला देवनागरी वाचता येत नाही. मी पहिलीच ओळ वाचली, 'भांडं घेऊन गाडी चालवू नका.' गांजाला इथे पॉट म्हणतात, त्या पॉटचं भांडं केलं होतं मेल्याने! पुढे गरोदर बायकांनाही भांड्यापासून लांब ठेवलं होतं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ते काम माझ्याच गळ्यात पडलं. गांजा लिहावं, तर मराठी मंडळातल्या काकू म्हणणार, शी, हे आपल्यासाठी नव्हेच. भांग लिहावं, तर थंडाई आठवणार, तिला कोण घाबरतंय? आणि मुळात मलाच कळेना. दुकानाला परवाना सरकारचा, डबीवर शिक्का सरकारचा, आणि जपून राहा म्हणणारंही सरकारच. मग घ्यायचं की नाही? लेक म्हणाली, बंदी नाही, पण लोकांना माहीत हवं. माझ्या डोक्यात काही शिरेना. शिरायला तर हवं होतं, कारण तसल्या गमीची, म्हणजे गांजा घातलेल्या जेलीच्या वड्यांची, एक डबी माझ्या कपाटात साड्यांमागे होती. गुडघा ठणकून झोप लागत नाही म्हणून मैत्रिणीने दुकानात नेलं होतं. महिनाभर रोज अर्धी खात होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मी एकेक ओळ लिहून तिला वाचून दाखवत होते. मुलांच्या हाती लागू देऊ नका. घेतल्यावर गाडी चालवू नका. तिसरी ओळ होती, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा असर याने वाढतो, त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. तिथे माझा हात आपोआप दंडावर गेला. त्या गोळ्या मी दोन वर्षं घेतेय. आठवडाभर दंडावर निळे डाग उठत होते, ते सामानाच्या पिशव्यांमुळे असतील असं मी धरून चालले होते.

लेकीने माझी बाही वर केली. एरवी सगळं इंग्रजीत बोलणारी पोरगी मराठीत म्हणाली, "आई, तू घेतेस?"

"अर्धीच घेते गं. डबीवर शिक्का होता."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने एकेक डाग मोजला. "आणि मी हे लोकांसाठी करत होते," म्हणाली. मग तिने डॉक्टरांना त्यांच्या तातडीच्या नंबरावर फोन लावून माझ्या हातात दिला. 'डॉक्टरांना सांगा' हे मी नुकतंच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. पलीकडून ते हॅलो हॅलो करत होते आणि मी पॉट म्हणू की गमी, हे ठरवत होते.