नाकाकडचा स्नायू

वर्गात मी "तू सांग" म्हटलं की दोन मुली उभ्या राहायच्या. एक मी विचारलेली, आणि दुसरी माझा डावा डोळा जिकडे गेलेला असे तिकडची. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याजवळच्या शाळेत लागून मला दोन वर्षं झाली होती. मुलं हसत नसत, पण मला एका जागी उभं राहवत नसे. समोरून कोणी फार वेळ बघू नये म्हणून मी शिकवताना सारख्या फेऱ्या मारायची.

लहानपणी हाच डोळा नाकाकडे वळलेला होता. बाबा मुंबईत एका कचेरीत शिपाई होते. मी सहा वर्षांची असताना त्यांनी तिकडे नेऊन माझं ऑपरेशन करून आणलं. डोळा सरळ झाला. पण पुढे वर्षागणिक तो बाहेर, कानाकडे सरकत गेला. शेवटी तो नाकाकडे वळेचना.

गावात महिन्यातून एकदा मुंबईचे डोळ्यांचे सर्जन यायचे. त्यांनी बोट माझ्या नाकाशी नेऊन बघितलं आणि विचारलं, "पहिल्या ऑपरेशनचे कागद?"

"वाळवीनं खाल्ले."

"मग पंचाईत आहे, बाई. नाकाकडचा स्नायू तेव्हाच्या डॉक्टरांनी मागे नेऊन शिवला असणार. तो तिथंच आहे की सुटून आत गेलाय, ते बाहेरून कळत नाही. न बघता शोधायला गेलो तर हाती लागेलच असं नाही. आधी मुंबईला सीटी स्कॅन करून या."

आत काही उरलंच नसेल तर, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून जाईना. तांदूळ निवडायला बसले की उठायची, पुन्हा बसायची. आई वैतागून म्हणायची, "बस गो एका जागी!"

मुंबईला बाबा मला एसटी स्टँडवर घ्यायला आले. स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर बसल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "तेव्हा मी घाई केली का गो?" तेवढ्यात आतून हाक आली.

गार फळीवर निजवून तिथल्या माणसानं सांगितलं, "समोरच्या खुणेकडे बघा. अजिबात हलायचं नाही."

"कुठल्या डोळ्यानं बघू?"

तो गोंधळला. आत जाऊन विचारून आला. "चांगल्या डोळ्यानं बघा. दुसरा जाईल तिकडं जाऊ दे." मशीन घरघरायला लागलं. पाय हलवायची अशी अनिवार इच्छा मला त्याआधी कधी झाली नव्हती.

फिल्म घेऊन परत आले, पण सर्जन यायला अजून अकरा दिवस होते. रोज शाळेतून आल्यावर मी ती काळी फिल्म खिडकीत धरायची. दोन गोल, मागे करड्या रेघा. आई खांद्यावरून वाकून म्हणाली, "ह्यात तुझा डोळा कुठचा?" मलाही सांगता येईना.

सर्जननी मात्र एका नजरेत बोट ठेवलं. "हा बघा. आहे. टाका सुटून मागे घसरलाय, पण आहे."

"ऑपरेशन लवकर केलं म्हणून असं झालं का?"

"छे. वेळेवरच केलं होतं. टाका धरला नाही, एवढंच."

त्याच दुपारी मी पोस्टात जाऊन बाबांना कार्ड लिहिलं. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे उतरवून काढले. स्वतःचं काही घातलं नाही.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. डोळा बधिर केला होता, कान उघडे होते. आत काहीतरी ओढल्यासारखं वाटायचं. मग सर्जन नर्सला म्हणाले, "अजून आत. फिल्ममध्ये दिसतोय तेवढ्याच खोल." पुन्हा ओढल्यासारखं झालं. मी चादर मुठीत आवळली.

"सापडला," ते म्हणाले. "बाई, ऐकताय ना? सापडला." मी मान हलवणार होते, तर नर्सनं कपाळ दाबून धरलं.

पट्टी काढली तेव्हा डोळा सरळ होता, पण मला सगळं दोन-दोन दिसत होतं. दोन दारं, दोन आया. जिना उतरताना मी बसून उतरायची. सर्जन म्हणाले होते की मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. किती वेळ ते त्यांनी सांगितलं नाही. तीन आठवडे मी घरभर चाचपडत, चिडचिडत फिरले. एक डोळा झाकून घेतला की बरं वाटायचं, आणि तेच करायचं नाही असं बजावलेलं होतं.

मग एका दुपारी अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवरून कावळा हाकताना ध्यानात आलं, की कावळा एकच आहे. मी आईला ओरडून बोलावलं. ती हातातलं काम टाकून धावत आली आणि विचारू लागली, "काय झालं? कोण पडलं?"

डोळा आजही पुरता नाकापर्यंत जात नाही. दमले की संध्याकाळी थोडा बाहेर पळतो. मी त्याला तसा पळू देते.