वडिलांना न ऐकू येणारा भोंगा

त्या दिवशी दुपारी आई गाईंसाठी घास कापायला गेली. बिबट्याने तिला उसात नेलं. संध्याकाळी आम्ही तिचा देह घरी आणला.

नंतर गावाने आमच्या बांधावर खांब उभा करून भोंगा बसवला. उसातून जनावर बाहेर आलं की तो वाजतो. कुत्रं आलं तरी वाजतो. बिबट्या मान धरतो, म्हणून शेतात वाकून काम करणाऱ्यांना मानेभोवती घालायचे खिळ्यांचे पट्टे मिळाले. वडील त्यांचा पट्टा खिशात ठेवत, म्हणत, "मी काय मेंढरामागचा कुत्रा हाय का?"

मी नारायणगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथल्या बाजारातून मी दोन छोटे अलार्म आणले. पिन ओढली की कानठळ्या बसतात. एक माझ्याकडे ठेवला, एक शेजारच्या काकूंना दिला. काकू त्यावर भुईमुगातले मोर हाकलू लागल्या. मला म्हणाल्या, "लई भारी वस्तू हाय बाई. पर आवाजानं म्हस पान्हा चोरती, दूध कमी देती तेवढं."

मी हसले, पण काळजी वेगळीच होती. वडिलांना कानाशी जाऊन ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. भोंगा, शिट्टी, अलार्म, यातलं काहीच त्यांच्यासाठी नव्हतं. आणि ते थांबायला तयार नव्हते. "गाया काय उपाशी ठिवायच्या व्हय?" परतीच्या जीपमध्ये मी प्रत्येक थांब्यावर घड्याळ पाहायची. ते माझी वाट पाहत असतील, की विळा घेऊन निघाले असतील?

सुट्टीच्या एका दुपारी मी बांधावर पुस्तक घेऊन बसले होते. पान वाचायचं, मान वर करायची, पुन्हा तीच ओळ. वडील उसाकडे पाठ करून, वाकून घास कापत होते. भोंगा वाजला. मी पिन ओढली. पलीकडच्या वावरात काकूंनी मान वर केली, हात हलवला आणि पुन्हा खुरपायला लागल्या. मोर असतील, असं त्यांना वाटलं. वडील कापतच होते. त्यांच्या मागची उसाची पानं हलत होती, आणि वारा नव्हता.

मी ओरडत धावले, आणि धावताना हाताला येईल ते ढेकूळ फेकत गेले. एक त्यांच्या पाठीत बसलं. ते ताठ उभे राहिले, विळा हातात.

"बापाला ढेकळं मारतीस व्हय गं?"

मी उसाकडे बोट दाखवलं. पानं हलायची थांबली होती. काही बाहेर आलं नाही.

बऱ्याच वेळाने, अलार्म थांबेना तेव्हा, काकू आणि दोन-चार माणसं काठ्या घेऊन आली. पाटाच्या चिखलात ठसे होते. नखं उमटलेली नव्हती, म्हणजे कुत्र्याचे नव्हते. वडील त्या ठशांकडे पाहत राहिले. मग खिशातून पट्टा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि मान पुढे केली. मागचा बंद त्यांना लावता येत नव्हता.

आता ते उसाकडे तोंड करून कापतात. मी कामावरून येईपर्यंत थांबतात. मी त्यांच्या शेजारी, पाठीवर हात पोचेल इतक्या जवळ उभी राहते आणि ऊस पाहते. तोडणीला अजून अवकाश आहे. घरात आम्ही दोघंच आहोत.